भाऊजींचा हलका पाय

सोमवारी सकाळी साडेनऊला भाऊजींना घाम फुटला तेव्हा दारातल्या गाडीत पेट्रोल नव्हतं, आणि हे घरात फक्त मला माहीत होतं.

ते पहाटेची ड्युटी करून आले होते. पहिल्या शिफ्टची माणसं कंपनीत सोडायची, रात्रपाळीची परत आणायची, बस ठेकेदाराच्या यार्डात लावायची आणि सायकलने घरी. हे त्यांचं रोजचंच. ताईने पोहे दिले. दोन घास खाल्ले आणि बशी खाली ठेवली. म्हणाले छातीवर कोणी बसल्यासारखं वाटतंय. मी मागच्याच गल्लीत राहतो. दुकानात जायला निघालो होतो, बूट घालून. ताईची हाक ऐकली आणि पळत आलो. बघतो तर भाऊजी खाटेवर वाकडे बसलेत, शर्ट सगळा भिजलेला, आणि तोंड असं पांढरं की ओळखू येईना.

मी म्हटलं ॲम्ब्युलन्सला फोन करतो. ताई म्हणाली, "गाडी आहे ना दारात. वाट कशाला बघायची?"

तेव्हा बोलायला पाहिजे होतं. ताई, गाडीत पेट्रोल नाही, काल मी संपवलं, एवढंच वाक्य. नाही बोललो. लाज वाटली असेल, किंवा मला वाटलं की पाच-सहा किलोमीटर तर जायचंय, रिझर्व्हमध्ये काहीतरी असेलच. आता मलाही नीट सांगता येत नाही. खिळ्यावरची चावी घेतली.

आदल्या दिवशी रविवारी मी गाडी मागून नेली होती. भरुचला दोस्ताचा साखरपुडा होता. भाऊजी कोणाला गाडी देत नसत, पण मला द्यायचे, कारण चालवायला त्यांनीच शिकवलं. चावी देताना काटा बघून म्हणाले, "पाव टाकीच्या वर आहे. जाऊन येऊन पुरेल आणि घरी आल्यावर थोडं उरेल पण. ऐंशीच्या वर जाऊ नको." मी हो म्हटलं. हायवेला लागलो, मागे दोन दोस्त, गाणी चालू, एसी चालू. एकशे दहा, एकशे वीस. पुढे ट्रक आला की ब्रेक, ट्रक गेला की परत पाय दाबून. परत येताना पालेजला रिझर्व्हचा लाइट लागला. पंप दिसले, पण तिथे लाइन होती आणि संध्याकाळी मॅच होती. म्हटलं सकाळी भरू. घरी आलो, चावी खिळ्याला लावली. भाऊजी झोपले होते, त्यांना पहाटे उठायचं असतं. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

भाऊजींचा हिशोब बरोबर होता. ऐंशीने गेलो असतो तर उरलं असतं.

त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं. डोकं ताईच्या मांडीवर. गाडी चालू केली तर लाइट लागलेलाच, आणि काटा अगदी तळाला टेकलेला. दवाखाना कारेलीबागेत. प्रतापनगरहून जायला दोन रस्ते. एक आतून, गेंडीगेट, मांडवी, चांपानेर दरवाजा. हा जवळचा. दुसरा बाहेरून, पाणीगेटकडून. हा लांब पडतो पण मोकळा असतो. मी रोज स्कूटरवर आतूनच जातो, मांडवीतल्या फरसाणच्या दुकानात कामाला आहे. हात आपोआप तिकडेच वळला.

मागून भाऊजी बोलले. आवाज अगदी बारीक.

"आनंदा, बाहेरून घे. पाय हलका ठेव."

ताईला वाटलं ते भ्रमात आहेत, बस चालवतायत असं त्यांना वाटतंय. ती म्हणाली, "अहो, तुम्ही पडून राहा, तो नेतोय ना बरोबर." पण मला कळलं. दोन सीटच्या मधून त्यांना लाइट दिसत होता.

आणि तरी मी आतून घेतलं.

इथे थांबून भाऊजींबद्दल थोडं सांगतो, नाहीतर पाय हलका ठेव म्हणजे काय ते तुम्हाला कळणार नाही.

बाळकृष्ण शेलार त्यांचं नाव. एकोणतीस वर्षं कंपनीची स्टाफबस चालवली. बस ठेकेदाराची, ते पण ठेकेदाराचेच माणूस. बावन्न सीटची बस आणि स्पीड पन्नास. रस्ता मोकळा असला, सगळा मोकळा असला तरी पन्नास, फार तर पंचावन्न. बसमधले लोक त्यांना खूप चिडवायचे. शेलारची बैलगाडी म्हणायचे. कोणी म्हणायचं काका, मी उतरून चालत पुढे जातो, गेटवर तुमची वाट बघतो. भाऊजी आरशात बघून म्हणायचे, जा की, जाताना माझं पण कार्ड पंच कर. आणि स्पीड तोच.

त्यांचं म्हणणं असं की गाडी डिझेल पिते ती दोन वेळा. एक म्हणजे तुम्ही पाय दाबता तेव्हा, आणि दुसरं म्हणजे उगाच उभी ठेवता तेव्हा. आणि ब्रेक मारला की जेवढं पाजलं तेवढं सगळं रस्त्यावर सांडलं. लाल सिग्नल लांबून दिसला की ते पाय उचलायचे. बस आपली आपली हळूहळू जायची, आणि पोचेपर्यंत बहुतेक वेळा हिरवा झालेला असायचा. फाटक बंद असलं की इंजिन बंद. सगळी बस एकदम शांत व्हायची, पंख्याशिवाय. उन्हाळ्यात लोक ओरडायचे. भाऊजी म्हणायचे खिडकी उघडा, देवाने हवा फुकट दिलीय.

मला शिकवलं ते पोलो ग्राउंडजवळ, सकाळी सहाला, रस्ता रिकामा असताना. पहिल्या दिवशी म्हणाले चप्पल काढ. मी म्हटलं का. म्हणाले, "पायाला कळलं पाहिजे तू किती दाबतोस ते. बुटाला काय कळतंय." महिनाभर मी अनवाणी चालवली. गिअर बदलताना इंजिन ओरडलं की ते फक्त तोंड असं करायचे की जसं कोणी त्यांच्या पायावर पाय दिलाय.

हा नाद लागला तो उत्कर्षामुळे. उत्कर्षा म्हणजे भाची माझी, आता सुरतला नोकरी करते. लहानपणी तिला दम लागायचा. रात्र रात्र ताई तिला खांद्यावर घेऊन फिरायची. डॉक्टर म्हणाले धुरापासून लांब ठेवा. आता घर त्यांचं रस्त्याला लागून, खाली मालाचे ट्रक येऊन उभे राहायचे, इंजिन चालू ठेवून चहा पिणार, तासभर गप्पा. लांब ठेवायचं म्हणजे ठेवायचं कुठे? तर भाऊजी खाली उतरायचे आणि एकेका ट्रकवाल्याला हात जोडून सांगायचे, "भाई, बंध करो ने, छोकरी बीमार छे." काही बंद करायचे, काही शिव्या द्यायचे. शिव्या दिल्या तरी भाऊजी तिथेच उभे राहायचे. मग तो कंटाळून बंद करायचा. उत्कर्षा मोठी झाली, दम गेला, पण यांची सवय राहिली. सिग्नलला शेजारच्या स्कूटरवाल्याला पण सांगायचे बंद कर म्हणून. ताई लाजून पदर तोंडाला लावायची.

एकदा काय झालं, कुणाल म्हणून एक नवीन इंजिनियर बसमध्ये यायला लागला. त्याने ठेकेदाराकडे तक्रार केली की शेलार उशीर करतात, दुसरी बस आधी पोचते. ठेकेदार जयसिंगराव म्हणजे भला माणूस. त्यांनी दोन्ही बस एकाच वेळी यार्डातून सोडल्या, एकच रस्ता, एकच गेट. दुसरा ड्रायव्हर सत्तर-ऐंशीने गेला. भाऊजी आपले पन्नासने. फरक किती पडला? तीन मिनिटं. गेटवर भाऊजींनी खाली उतरून दुसऱ्या बसच्या सायलेन्सरमध्ये बोट फिरवलं. मग आपल्या बसच्या सायलेन्सरमध्ये दुसरं बोट. एक बोट काळंकुट्ट, दुसरं राखेसारखं. ते काळं बोट त्यांनी कुणालच्या गालावर टेकवलं, तीट लावतात तसं, आणि म्हणाले, "तीन मिनिटं वाचली तुझी. कोणाची नजर लागू नये म्हणून लावलं." सगळी बस हसली. कुणाल पण हसला. नंतर तोच त्यांच्या मागच्या सीटवर बसायला लागला.

डिझेल किती जातं त्याचा तक्ता यार्डात लागायचा. दर महिन्याला भाऊजी पहिले. बाकीच्यांची बस एका लिटरला चार जायची, साडेचार जायची. यांची साडेपाचच्या खाली कधी आली नाही. बक्षीस वगैरे काही नव्हतं. भाऊजी तो तक्ता बघायला पण जायचे नाहीत, दुसरेच येऊन सांगायचे.

असा माणूस मागच्या सीटवर होता, आणि गाडी मी चालवत होतो.

गेंडीगेटपर्यंत रस्ता मिळाला, तिथे मी साठ-सत्तर काढले. मग समोर रिक्षा आली, ब्रेक. परत पाय दाबला, मग गाय, ब्रेक. हॉर्नवरून हात काढला नाही. प्रत्येक ब्रेकला भाऊजींचं डोकं ताईच्या मांडीवर हलायचं आणि ती हाताने धरून ठेवायची. तिने मला एकदा पण हळू चालव म्हटलं नाही. तिला पण घाईच होती. पायात बूट होते. मी किती दाबत होतो मला काही कळत नव्हतं.

मांडवी ओलांडली आणि पुढे एक टेम्पो माल उतरवत आडवा उभा. पुढे रिक्षा, मागे स्कूटर, हलायला जागा नाही. मे महिना. भाऊजींना हवा लागावी म्हणून एसी चालू होता. मी उभ्या गाडीचा ॲक्सिलरेटर दाबत राहिलो, जसं काय त्याने टेम्पो हटणार होता. गाडीने दोन-तीन झटके खाल्ले आणि बंद पडली. चावी फिरवली. नुसतीच घरघर. परत फिरवली. एसी बंद झाला, आणि गाडीत ताईचा श्वास ऐकू यायला लागला, आणि भाऊजींचा पण, तो वेगळाच होता.

ताई म्हणाली, "काय झालं?"

मी म्हटलं, "बंद पडली."

हे खोटं नव्हतं. पण खरं पण नव्हतं.

भांड्यांच्या दुकानाचा शेठ धावत आला. दोन-चार जण जमले, टेम्पोवाल्यावर ओरडले. एक रिक्षावाला लांब अडकला होता, त्याची रिक्षा लोकांनी मागून अक्षरशः उचलून वळवली. शेठ म्हणाला, "भाई, गाडीनी चिंता ना करो, पहेला एमने लई जाओ." भाऊजींना दोघांनी उचललं. त्यांचा एक हात खाली लोंबत होता, तो मी उचलून त्यांच्या पोटावर ठेवला. थंड नव्हता अजून. डोळे अर्धे उघडे होते, आणि ते माझ्याकडे बघत होते की नुसतेच उघडे होते ते मला आजपर्यंत माहीत नाही.

चांपानेर दरवाज्यापासून दवाखाना म्हणजे रिक्षाने किती, दहा मिनिटं. पोचलो तेव्हा त्यांनी लगेच आत घेतलं. आम्ही बाहेर बाकावर. ताईने माझा हात धरला होता. मी सोडवून घेतला, पाणी आणायचं निमित्त करून. वीस-पंचवीस मिनिटांनी डॉक्टर बाहेर आले आणि ताईकडे न बघता माझ्याकडे बघितलं, तेव्हाच कळलं.

मी डॉक्टरांना जिन्यात गाठलं. विचारलं, पंधरा मिनिटं आधी आणलं असतं तर? ते म्हणाले झटका मोठा होता. मी परत विचारलं. म्हणाले, "सांगता येत नाही हो. वाचले असते, नसते वाचले. कोणीच सांगू शकत नाही." मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि वर निघून गेले.

मला त्यांनी नाही म्हणायला पाहिजे होतं. किंवा हो तरी. मी रोज सकाळी उठतो आणि तो रस्ता दोन्हीकडून जाऊन बघतो, मनातल्या मनात. बाहेरून, हलक्या पायाने, तेवढ्या पेट्रोलवर पोचलो असतो का? कधी पोचतो. कधी पाणीगेटलाच बंद पडते.

घरी माणसं यायला लागली. जयसिंगराव आले, सगळे ड्रायव्हर आले, युनिफॉर्ममध्येच. भाऊजींच्या बसच्या ग्रुपवरचे तुम्ही बरेच जण येऊन गेलात, ज्यांना जमलं नाही ते रोज विचारताय काय झालं, कसं झालं, म्हणून मी हे सगळं भाऊजींच्या फोनवरून टाइप करतोय. सातवीपर्यंत शिकलोय, जसं बोलतो तसंच लिहिलंय, आणि बसला जे नवीन आहेत त्यांच्यासाठी बाकीच्यांना माहीत असलेलं पण लिहिलंय. कुणाल आला, खाली सतरंजीवर बसला. मग म्हणाला नवीन ड्रायव्हर तीन मिनिटं लवकर पोचवतो. थोड्या वेळाने म्हणाला, उतरल्यावर पोटात ढवळतं. ताई म्हणाली पुढच्या सीटवर बसत जा. तो म्हणाला तिथेच बसतो मावशी.

सगळे ताईला विचारायचे, आणि ताई सगळ्यांना सांगायची की गाडी रस्त्यात बंद पडली. जुनी गाडी, नशीब आमचं. मी शेजारी बसून ऐकायचो. कोणी म्हणायचं बॅटरी गेली असेल, कोणी म्हणायचं गरम झाली असेल, मे महिना आहे. एक ड्रायव्हर म्हणाला, शेलारची गाडी आणि बंद पडली, असं कसं? मी उठून आत गेलो. उत्कर्षा आत होती, ती म्हणाली, मामा, तुम्ही होतात म्हणून बरं झालं, नाहीतर आईने एकटीने काय केलं असतं. मी मोरीत जाऊन नळ सोडून बसलो.

कितीदा ठरवलं सांगायचं. तिसऱ्या दिवशी ठरवलं, पाचव्या दिवशी ठरवलं. तिच्यासमोर बसलो की ती माझ्या पानात वाढायची. ती सुतकात, नवरा गेलेला, आणि मला म्हणायची, आनंदा, तू काही खात नाहीस.

आठव्या दिवशी भांड्यांच्या दुकानाच्या शेठचा फोन आला. गाडी त्याने बाजूला ढकलून लावली होती, आता त्याचा माल येणार होता, जागा पाहिजे होती. किती चांगल्या तऱ्हेने बोलला बिचारा. मी ताईला म्हटलं गाडी आणायला जातो. ती म्हणाली जा. मी म्हटलं, "वाटेत मेकॅनिकला घेऊन जातो. काय बिघडलंय ते बघायला पाहिजे."

ताई उठली. आत गेली. मला माळ्यावरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात भाऊजींचा पाच लिटरचा कॅन होता, पत्र्याचा, झाकणाला दोरी बांधलेली, आणि नरसाळं. दोन्ही फडक्याने पुसलेलं.

"मेकॅनिक कशाला," ती म्हणाली. "हे ने."

तिच्या तोंडाकडे बघायची हिंमत झाली नाही. तीस वर्षं ड्रायव्हरच्या घरात काढलेल्या बाईला गाडी कशाने बंद पडली ते कळणार नाही, असं मी आठ दिवस धरून चाललो होतो. मी म्हटलं, ताई. ती म्हणाली, "जा, शेठ खोळंबला असेल." आणि आत जाऊन भांडी आवरायला लागली.

पंपावर सुटं पेट्रोल देत नव्हते. गाडी बंद पडलीय म्हणून दोनदा सांगितलं तेव्हा दिलं. रिक्षात कॅन दोन पायांत धरून मांडवीला गेलो. शेठने चहा मागवला, मी नको म्हटलं. गाडीवर धूळ, मागच्या सीटवर भाऊजींचा रुमाल तसाच. नरसाळं लावून सगळं पेट्रोल घातलं. चावी फिरवली. दुसऱ्या वेळी चालू झाली. काहीच बिघडलं नव्हतं तिचं.

चप्पल काढून शेजारच्या सीटखाली ठेवली. परत येताना बाहेरून आलो, पाणीगेटकडून. चाळीसच्या वर गेलो नाही. मागून लोक हॉर्न मारत होते, एक जण पुढे जाताना काहीतरी बोलून पण गेला. लाल सिग्नल लांबून दिसला तसा पाय उचलला. पोचेपर्यंत हिरवा नाही झाला, थांबावं लागलं.

दारात आलो तर ताई पायरीवर उभी होती. मी उतरलो. काय बोलायचं ते सगळ्या रस्त्यात जुळवलं होतं. रिकामा कॅन हातात घेऊन तसाच उभा राहिलो. ती खाली आली, माझ्या बाजूने गेली, उघड्या दारातून आत वाकली आणि काटा बघितला. मग चावी फिरवून इंजिन बंद केलं. मी ते चालूच ठेवून उतरलो होतो.